साडेपाच इंची पितळी मूर्ती, पाठीवर लेख – जाणकारांचं मत हवं आहे

समईवाला

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. पुरावशेषांच्या व्यवसायाचा परवाना आहे. माझा हात बसलेला आहे तो समया, अडकित्ते, पानाचे डबे, दौती यांवर. मूर्तींच्या वाटेला मी फारसा जात नाही, म्हणून इथे विचारतोय.

सातारा भागातल्या एका कुटुंबाचा वाडा पाडायला निघालाय. त्यांच्या देवघरातली एक मूर्ती त्यांनी मला दाखवायला दिली आहे. अजून व्यवहार काहीच झालेला नाही. उंची साडेपाच इंच, वजन किलोला थोडं कमी. मधोमध मांडी घालून ध्यानाला बसलेली मूर्ती, दोन्ही बाजूंना उभ्या दोन लहान मूर्ती, त्यांच्या डोक्यावर बसलेल्या आणखी दोन. वर कमान आणि कळस. मधल्या मूर्तीच्या डोळ्यांत चांदी, छातीवर चांदीचं एक टिपकं, बसायच्या गादीवर चांदी आणि तांब्याचे एकाआड एक चौकोन. खाली बैठकीत मध्ये चक्र आणि त्याच्या दोन बाजूंना हरणं. घरात तिला पिढ्यान्‌पिढ्या 'बुद्धदेव' म्हणत आले आहेत.

पाठीमागे चार ओळी कोरलेल्या आहेत. मला लागलं तेवढं लिहितो: 'सं १५१७ वार्ष... सुदि ३... प्राग्वाट... नाथ बिंबं का... तपा... लक्ष्मीसागर'. बाकी नावंगावं लागत नाहीत.

ही कुणाची मूर्ती, खरंच एवढी जुनी आहे का, आणि ओळखायचं कसं? समोरून, मागून आणि तळाचे फोटो जोडलेत.

अश्मक

समईवाले, फोटो चांगले काढलेत, विशेषतः पाठीचा. बहुतेक लोक चेहऱ्याचे दहा फोटो टाकतात आणि पाठ दाखवतच नाहीत.

ही जैन पंचतीर्थी आहे. मधला मुख्य तीर्थंकर आणि भोवतीचे चार मिळून पाच. भोवती तेवीस असते तर चौवीशी म्हटली असती. छातीवरचं चांदीचं टिपकं म्हणजे श्रीवत्स हे शुभचिन्ह, ते बुद्धाच्या मूर्तीवर असं नसतं. चक्र आणि हरणांमुळे घरच्यांनी सारनाथ आठवून बुद्ध म्हटलं असणार. पण पश्चिम भारतातल्या जैन मूर्तींच्या बैठकीत धर्मचक्र आणि हरणांची जोडी सर्रास असते, मूर्ती कोणत्याही तीर्थंकराची असो. पायांमध्ये वस्त्राचा घोळ दिसतोय, म्हणजे श्वेतांबर पंथाची.

गुजरात-राजस्थानात विक्रमाच्या पंधराव्या-सोळाव्या शतकात अशा पंचतीर्थी फार मोठ्या संख्येने ओतल्या गेल्या. त्यामुळे 'दुर्मीळ' हा शब्द जपून वापरा. दुर्मीळ म्हणाल तर आपल्याकडच्या चहार्डीच्या (चोपडा तालुका) ऋषभनाथ चौवीशीसारखी नवव्या शतकातली कामं, ती मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. अकोला जिल्ह्यात राजनापूर खिनखिनीला सापडलेला जैन मूर्तींचा साठा नागपूरच्या संग्रहालयात आहे, तोही आधीचा. १९५१ मध्ये बडोद्याजवळ अकोट्याला सापडलेल्या मूर्ती तर त्याहूनही जुन्या. तुमची मूर्ती त्या घराण्यातली धाकटी. पण तिच्या पाठीवर तारीख आहे, आणि ही गोष्ट त्या थोरल्यांपैकी अनेकींकडे नाही.

कारंजेकर

हरणं आहेत म्हणजे शांतिनाथ असतील का? त्यांचं लांछन (ओळखचिन्ह) हरीण ना.

आमच्या कारंजा लाडला सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची दिगंबर मंदिरं आहेत. आमच्याकडच्या लेखांत शके पुष्कळदा दिसतो. आणि संवत १५४८ च्या वैशाख सुदि ३ चे, जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक (दिगंबर धर्मगुरू) जिनचंद्रांच्या हस्ते मुडासा गावी प्रतिष्ठित केलेले पांढरे संगमरवरी तीर्थंकर तर देशभर इतक्या गावांत आहेत की विचारू नका. हाही लेख सुदि ३ चा दिसतोय म्हणून आठवलं.

लिपिका

कारंजेकर दादा, चक्राबाजूची हरणं आणि लांछनाचं हरीण वेगळं. लांछनाचं एकटं असतं, आणि या आकाराच्या पंचतीर्थींवर लांछन बहुधा कोरलेलंच नसतं. नाव लेखातूनच काढावं लागतं. इथे फोटो मोठा करून पाहिला तर '...नाथ'च्या आधी 'थ'ला खाली उकार स्पष्ट आहे, म्हणजे 'श्रीकुंथुनाथबिंबं', कुंथुनाथ तीर्थंकरांची मूर्ती.

समईवाले काका, तुम्हाला लागलेलं 'वार्ष' म्हणजे 'वर्षे'. त्या काळच्या जैन नागरीत एकाराची मात्रा डोक्यावर न देता अक्षराच्या आधी उभ्या दंडाने देत, तिला पडिमात्रा म्हणतात. एकदा ती डोळ्यांत बसली की अर्धा लेख आपोआप सुटतो. 'सुदि ३'च्या पुढे स आणि म यांच्यामध्ये आणि आधी असे तीन जास्तीचे दंड दिसतात, ते 'सोमे'. त्याआधीचा शब्द 'वैशाख'. साचा नेहमीचाच आहे: अमुक साल-तिथी-वार, अमुक ज्ञातीच्या अमुक व्यवहाऱ्याने (व्यापाऱ्याने), अमुक भार्या आणि पुत्र यांच्यासह, कुणाच्या तरी श्रेयासाठी, अमुक तीर्थंकराचं बिंब करवलं, अमुक गच्छाच्या (साधुशाखेच्या) सूरींनी प्रतिष्ठा केली. प्राग्वाट म्हणजे आजचे पोरवाड. तपागच्छाचे लक्ष्मीसागरसूरी या काळातले फार मोठे आचार्य, त्यांच्या नावाचे लेख भरपूर सापडतात आणि १५१७ हे साल त्यांच्याशी जुळतं.

आता गंमतीचा भाग, मला तरी फार आवडणारा. विक्रम संवत गुजरातेत कार्तिकापासून धरत, राजस्थानात चैत्रापासून. कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत दोन्हींचं साल एकच येतं, पण चैत्र ते आश्विन यांत एका वर्षाचा फरक पडतो. वैशाख नेमका फरकातला. १५१७ चा वैशाख चैत्रादी धरला तर इ. स. १४६०, कार्तिकादी धरला तर १४६१. मी तिथी मांडून पाहिली. १४६० ला वैशाख शुद्ध तृतीया येते गुरुवारी, २४ एप्रिलला. १४६१ ला येते सोमवारी, १३ एप्रिलला. लेखात सोमवार आहे. म्हणजे गणना कार्तिकादी, गुजराती पद्धतीची, आणि तारीख सोमवार १३ एप्रिल १४६१. दिवस अक्षय्यतृतीयेचा.

खोटा लेख कोरणारा जुन्या लेखातली नावं उचलतो, पण साल-तिथी-वार बदलायला गेला की तिथेच फसतो. म्हणून वार जुळणं मला चेहऱ्याच्या सौंदर्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. एक विनंती: भार्या, पुत्र आणि गाव यांची नावं वाचता आली तरी इथे टाकू नका. का, ते पुढे कुणीतरी सांगेलच.

ओतारी_नाशिक

लेख जुळला तरी मूर्ती खरी ठरत नाही ताई. अस्सल मूर्तीवरून साचा घेऊन दुसरी ओतली तर वार, तिथी सगळं जसंच्या तसं येतं. आमच्या घरात तीन पिढ्या ओतकाम आहे, म्हणून सांगतो काय बघायचं.

पहिलं म्हणजे अक्षरं. मूर्ती ओतून, घासून झाल्यावर लेख छिन्नीने कोरत. छिन्नी चालली की खाचेचा तळ निमुळता आणि स्वच्छ राहतो, कडेला धातू किंचित उचललेला असतो, दंड जिथे एकमेकांना छेदतात तिथे कोणता आधी मारला तेही कळतं. साच्यातून आलेल्या अक्षरांचा तळ गोलसर असतो, कडा मऊ, आणि खाचेत बारीक दाणे दिसतात. दहापट दाखवणारं सोनाराचं भिंग पुरतं. दुसरं म्हणजे पितळ थंड होताना आकसतं, त्यामुळे अस्सलावरून काढलेली नक्कल अस्सलापेक्षा थोडी लहान भरते. तिसरी चांदी. खरी जडवलेली असली तर चांदीभोवती खोबणीची रेष दिसते आणि वर्षानुवर्षांच्या पुसण्याने चांदी आणि पितळ वेगवेगळ्या प्रमाणात झिजलेलं असतं, बोट फिरवलं की कळतं. नकलेत नुसता मुलामा असतो.

तळाच्या फोटोत आतून पोकळ बाजूला जे कानशीचे फराटे दिसतात ते जुने वाटतात, त्यांच्या कडाही मऊ झाल्यात. पण फोटोवरून मी यापुढे बोलणार नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो. इकडे धातूची परीक्षा करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि अशा मूर्तींना लिलावात मागणीही असते. कुटुंबाला पैशांची गरज असेल तर इकडे पाठवून पाहता येईल का? पार्सलने की सोबत कुणी आणेल?

वकील_सदाशिव

हडसनकाठ, हे कृपया कुणीही मनातसुद्धा आणू नका. पुरावशेष आणि कला निधी कायदा १९७२, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती म्हणजे पुरावशेष. तो देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि सरकारने नेमलेल्या यंत्रणेला आहे. खासगी माणसाने पाठवला तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड.

समईवाले, तुमच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न असा: या मूर्तीची नोंदणी झालेली आहे का? धातूच्या मूर्ती नोंदणीच्या यादीत येतात. मालकाकडे नोंदणी प्रमाणपत्र हवं, त्याला मूर्तीचा फोटो जोडलेला असतो. नसेल तर मालकाने आधी नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, मालकी बदलण्याचा विषय त्यानंतर. देशातल्या देशात विक्रीला कायद्याची आडकाठी नाही, पण कागद नसलेली मूर्ती परवानाधारकाने दुकानात ठेवून घेणं म्हणजे स्वतःचा परवाना धोक्यात घालणं.

केशर

फोटो पाहिले आणि हात जोडले गेले. मी जन्माने श्वेतांबर, माहेर अहिल्यानगरचं, मराठीतच शिकले.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे रोज मूर्तीला प्रक्षाळ (स्नान) होतो, मग वाळ्याच्या कुंचीने खाचांमधलं केशर काढतात, तीन वेळा वस्त्राने पुसतात आणि चंदन-केशराने नऊ अंगांना पूजा करतात. पायांचे अंगठे, गुडघे, मनगटं, खांदे, मस्तक, कपाळ, कंठ, छाती, नाभी. शेकडो वर्षं त्याच नऊ जागी बोट टेकतं. म्हणून पूजेतली मूर्ती तिथेच झिजते. या मूर्तीचे गुडघे आणि खांदे गुळगुळीत झालेत, नाभीजवळ खोलगट दिसतंय, पण बाजूच्या उभ्या मूर्तींचे चेहरे त्या मानाने टवटवीत आहेत. खोटी झीज करणारा माणूस जे जे वर आलेलं आहे ते सगळं सारखं घासतो. तो कळस आधी घासेल, नाभी नाही.

डोळ्यांच्या कडेला काळपट चिकट काही दिसतंय का पाहा. आमच्याकडे धातूच्या डोळ्यांवर वरून काचेचे चक्षू चिकटवतात, त्याची राळ राहते.

आणि कृपा करून तिला पितांबरी, चिंच, लिंबू काही लावू नका. खाचांमधलं केशर तसंच राहू द्या.

ओतारी_नाशिक

केशरताई, नाभीची गोष्ट आम्हालाही माहीत नव्हती. आता फोटो परत पाहिला. तुमचं म्हणणं पटलं.

लिपिका

+१. जमिनीत पुरलेल्या मूर्तींवर येतो तसा हिरवा थर या मूर्तीवर कुठेच नाही, खाचांमध्येही नाही. म्हणजे ही बहुधा पूजेतच राहिली.

समईवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगातून पाहिलं. खाचांचा तळ निमुळता आहे, छेद स्पष्ट दिसतात. चांदीभोवती खोबणीची रेष आहे. डावा डोळा सोडला तर उजव्याच्या कडेला तांबूस चिकट कण आहेत.

कुटुंबाला नोंदणीचं विचारलं. कागद कुठलाच नाही. घरातल्या थोरल्या काकूंनी सांगितलं की त्यांचे आजेसासरे बडोदे संस्थानच्या नोकरीत होते, बरीच वर्षं पाटणला. मूर्ती त्यांच्यासोबत आली. कुणी दिली, विकत घेतली, काही माहीत नाही. धातू तपासणाऱ्या यंत्राने परीक्षा करून घेऊ का? पुण्यात ओळखीत एक जण करून देईल.

अश्मक

यंत्राची परीक्षा करून घ्यायला हरकत नाही, मूर्तीला धक्का लागत नाही. पण निकाल हाताळताना सावध राहा. जुन्या पद्धतीच्या पितळेत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही, आधुनिक पितळेत ३५-४० टक्के सहज असतं, असा नियम लोक लावतात. तो युरोपसाठी ठीक. आपल्याकडे उदयपूरजवळ जावरला मध्ययुगातच जस्त ऊर्ध्वपातनाने (वाफ करून ती थंड करून) काढत होते, त्यामुळे गुजरात-राजस्थानच्या मूर्तीत जस्त थोडं जास्त निघालं म्हणून ती खोटी म्हणता येत नाही. शिवाय ते यंत्र पृष्ठभागच वाचतं. तापवून वय काढण्याची पद्धत आतल्या मातीच्या गाभ्यावर चालते, या आकाराच्या मूर्तीत तो गाभाच नसतो.

माझ्या मते मूर्ती अस्सल आहे. प्रत्यक्ष न पाहता यापेक्षा ठाम बोलणं बरोबर नाही, पण लेखाचा वार, छिन्नीच्या खुणा आणि नवांगांची झीज या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात, आणि तिन्ही एकदम खोट्या करता येणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता मला खरं बोलायचं आहे ते पाटणबद्दल. पाटण, मेहसाणा, कडी, विसनगर हा उत्तर गुजरातचा पट्टा बडोदे राज्यात होता आणि तिथे मराठी अंमलदार भरपूर होते. तेव्हा काकूंची हकिकत अगदी शक्य कोटीतली आहे. पण पाटण म्हणजे जैन मंदिरांचं गाव. तिथल्या एखाद्या देरासरातून (जैन मंदिरातून) ही मूर्ती बाहेर कशी आली, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. भेट म्हणून आली असेल, एखाद्या कुटुंबाच्या घर-देरासरातून आली असेल, कुणी चोरून विकलेलीही असेल. आजेसासऱ्यांवर संशय घेण्याचं काही कारण नाही. पण शोध घ्यायला मार्ग आहे, आणि लिपिकाने नावं टाकू नका म्हटलं ते याचसाठी.

शंभर वर्षांपूर्वी आचार्य बुद्धिसागरसूरींनी गुजरातेत गावोगावच्या देरासरांतल्या धातुप्रतिमांचे लेख उतरवून छापले. पूरणचंद नाहर या अभ्यासकांनी तसंच काम राजस्थानपासून बंगालपर्यंत केलं. पुढे आणखी संग्रह झाले. गाव, देरासर आणि त्यातल्या एकेका मूर्तीचा लेख अशी त्यांची मांडणी आहे. १३ एप्रिल १४६१ चा, प्राग्वाट ज्ञातीचा, कुंथुनाथांचा, नेमक्या त्याच नवरा-बायको-मुलांच्या नावांचा लेख तिथे सापडला, तर ही मूर्ती शंभर वर्षांपूर्वी कोणत्या देरासरात होती ते कळेल. नावं आधीच उघड झाली तर त्यांची नक्कल कोरणारेही निघतील आणि 'ही आमचीच' म्हणणारेही. ती गुप्त असतील तरच पडताळणीला अर्थ.

तमिळनाडूच्या श्रीपुरंतानच्या नटराजाचं काय झालं ते आठवा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये लाखो डॉलर मोजून तो घेतला आणि २०१४ मध्ये परत करावा लागला. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने पूर्वी देवळातच काढून ठेवलेल्या फोटोंशी तो जुळला होता. जैन धातुमूर्तींच्या बाबतीत फोटोंचं ते काम या छापील लेखांनी करून ठेवलंय, आणि व्यापारात मूर्ती पाहणारे किती जण ते उघडून बघतात? हे पुस्तक उघडणं व्यापाऱ्याचं कर्तव्य आहे असं मी मानतो. एवढीशी मूर्ती, कुणाच्याही खिशात मावेल अशी. तिच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट म्हणजे तिची पाठ.

कारंजेकर

अश्मक सर, कुटुंबाच्या दृष्टीनेही विचार व्हावा. त्यांनी चार पिढ्या पूजा केली आहे, नाव चुकीचं घेतलं असेल पण दिवा रोज लावला. उद्या देरासर सापडलं तर त्यांनी काय करायचं?

केशर

दादा, मला वाटतं त्यांना चोर ठरवायला कुणीही जाणार नाही. अंजनशलाका (प्राणप्रतिष्ठेचा विधी) झालेली मूर्ती आमच्यासाठी साक्षात भगवान. ती जिथे पूजेत होती तिथे परत गेली तर आणणाऱ्याचा सन्मानच होईल. आणि जुनं देरासर सापडलं नाही तरी ती शोभेच्या कपाटात जाण्याऐवजी एखाद्या देरासरात, कागद पूर्ण करून गेली तर फार बरं वाटेल. पण निर्णय त्या काकूंचा.

हडसनकाठ

वकीलसाहेब, केशरताई, समजलं. माझी सूचना मागे घेतो. अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई विद्यामंदिरात माझे एक नातेवाईक नियमित वाचायला जातात. संग्रह तिथे पाहायला लागले तर सांगा, मी त्यांना लावून देईन.

समईवाला

काकूंशी आणि त्यांच्या पुतण्याशी काल सविस्तर बोललो. त्यांना धागा वाचून दाखवला, केशरताईंचं लिहिलेलं दोनदा. ठरलं ते असं: मी मूर्ती घेत नाही. ती आज त्यांच्या घरी परत पोचवली, पावती करून. पुतण्या नोंदणीसाठी अर्ज करतोय, फोटो मी काढून दिलेत. देरासराचा शोध मी माझ्या खर्चाने करणार आहे. किंमत किती आली असती हे दोघांनीही विचारलं नाही.

लिपिकाताई, लेखाचं पूर्ण वाचन तुम्हाला व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवलंय. भार्येचं नाव तीन अक्षरी लागलं, मुलांची दोन नावं लागली. गावाचं नाव मात्र शेवटच्या ओळीत 'वास्तव्य'च्या आधी आहे, तिथे दोनच अक्षरं उरलीत आणि तीही पुसट. रविवारी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे. शाई लावून ठसा घेऊ का?

लिपिका

शाई नको काका, खाचांमधलं केशर निघून जाईल आणि डाग बसेल. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी पाठीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा आणि एकेका बाजूने प्रकाश टाकत आठ दिशांनी आठ फोटो काढा. कॅमेरा हलता कामा नये, पुस्तकांच्या चळतीवर टेकवा. शेजारी पट्टी ठेवा. पहिलं अक्षर मला 'व' किंवा 'ध' वाटतंय, खालून आलेल्या प्रकाशात ते वेगळं करता येईल. फोटो लहान न करता पाठवा.